यादीतलं एकोणतिसावं काम

माझ्या बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात त्यांनी आमच्या कुठल्याही कामात ढवळाढवळ केली नव्हती. गेल्या वैशाखात केली.

हे आधीच सांगून टाकते, कारण मी असलं काही सांगेन असं शहापुरात कोणालाही वाटणार नाही. मी शाळेत लिपिक आहे. माझ्याकडे किराण्याची यादी असते, पाहुण्यांची यादी असते, आणि कुठली यादी कुठल्या वहीत आहे याचीही एक यादी असते. अशा बाईला भुतं दिसत नाहीत. माझ्याकडे यायचं तर भुतांनाही आधी वेळ घ्यावी लागेल!

तर बाबांची काळी गाडी. ते गेल्यापासून ती आमच्या गोठ्यात उभी होती. म्हशी विकल्या, गोठा रिकामा झाला, गाडी तिथेच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत आणि बॉनेटवर आई पापड वाळवत असे. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, ही चालू करायची. आमचे हे म्हणाले, "अगं, बावन्नाव्या वर्षी बायका योगासनं शिकतात." मी बाळू मेस्त्री गाठला. दोन वर्षं दर रविवारी मी, बाळू आणि ती गाडी. एकूण बेचाळीस कामं निघाली. ती मी नंबर घालून लिहिली आणि यादी फ्रिजच्या दारावर चिकटवली. काम झालं की पुढे लाल बरोबरची खूण. ह्यांना थंड पाणी प्यायचं झालं तरी आधी कार्ब्युरेटरची प्रगती वाचावी लागे.

बेचाळिसाच्या बेचाळीस खुणा झाल्या, त्या संध्याकाळी मी आईला पेढा दिला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गाडी अजून तिच्याच मालकीची. पेढा खाऊन तिने अट घातली.

"गो सुमे, माझ्या माहेराला, वैशाखऱ्याला, ती मला आपल्या चाकांनी नेईल तर ऱ्हाऊ दे घरात. दोरी लावायला लागली तर त्याच दिशी भंगारवाल्याला. ऐकलंस?"

"आई! दोन वर्षं घातली मी!"

"मी पन एकदा दोरीच्या मागनं माहेरात शिरले हाय. परत शिरायची नाय."

ही आमच्या घरातली जुनी जखम. बाबांनी गाडी घेतली आणि पहिल्याच फेरीत आईला मिरवत माहेरी न्यायला निघाले. गाव तीन-चार किलोमीटरवर राहिलं आणि चढावर गाडी बंद. शेवटी कोणाची तरी बैलजोडी जुंपली. बैल पुढे, गाडी मागे, गाडीत नवी साडी नेसलेली आई आणि दोन्ही बाजूंना तिचं अख्खं माहेर! माझ्या मोठ्या मामीने म्हणे विचारलं होतं, "जावयबापू, बैल कितीचे घेतले?"

त्यानंतर बाबा त्या चढावर गाडी न थांबवता कधी गेले नाहीत. चढाच्या मध्यावर रस्त्याकडेला वाघोबाचा दगड आहे. बाबा तिथे यायचे, तीनदा हॉर्न वाजवायचे, आणि आम्हाला सगळ्यांना खाली उतरवायचे. वाघोबाकडे तोंड करून बसायचं, डोळे मिटायचे, आणि काहीही ऐकू आलं तरी मागे वळून बघायचं नाही. दगडावर एक पेटलेली विडी ठेवलेली असायची. दहा मिनिटांनी मागून बाबांचा आवाज यायचा, "झालं. बसा आता." लहानपणी त्या दहा मिनिटांत मी रामरक्षा दोनदा संपवत असे.

आई म्हणाली, "तेवढं लिव तुझ्या यादीत. वाघोबाला थांबायचं."

मी लिहिलं. मुद्दा त्रेचाळीस. मग वाचलं आणि खोडलं. पुढे कारणही लिहिलं: अंधश्रद्धा, शिवाय दहा मिनिटं वाया.

आईने ते चष्मा लावून वाचलं. काही बोलली नाही. आमच्या आईचं न बोलणं हे बाकीच्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त काळजी करण्यासारखं असतं, ही नोंद मी कुठेच केली नव्हती.

निघायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी सात ठरली होती. ऊन चढायच्या आत वैशाखरे, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आईची कापडी पिशवी सापडेना, मग ती सापडली तर ती कोणाला उचलू देईना, मग ह्यांचा दुसरा चहा झाला आणि मग गाडीने सुरू व्हायला पंचवीस मिनिटं घेतली. शहापूर सुटलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. मी चालवत होते, शेजारी हे, मागे आई. तिच्या पायाशी ती पिशवी, वरून शाल पांघरलेली.

"आई, त्या पिशवीत काय आहे?"

"साड्या."

"वैशाखात साड्यांना शाल?"

"बारीक सुताच्या हायत."

किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आडव्या उभ्या. हे म्हणाले, "हॉर्न दे."

"म्हशींना हॉर्न कळत नाही. आणि उगाच हॉर्न वाजवायचा नाही हा माझा नियम आहे. सूचना क्रमांक सहा."

"मग म्हशींना सूचना क्रमांक सहा वाचून दाखवू का?" असं म्हणून हे उतरले आणि हातवारे करत म्हशी हाकल्या. सरळगावात चहाला थांबलो तर गाडीभोवती माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, "काकू, लग्नाला भाड्याने देता काय?" मी फुगले. चाळीसच्या वेगाने का होईना, गाडी आपल्या चाकांनी चालली होती. टोकावडे मागे पडलं. हमरस्त्यावर घाटाकडून येणारे ट्रक अंगावर येत होते, म्हणून मी ठरल्याप्रमाणे जंगलातला जुना रस्ता धरला. आणि घड्याळात पाहिलं. बाराला दहा कमी.

"सुमे," मागून आई म्हणाली, "बाराच्या ठोक्याला तो चढ नको."

"आई, बारा ही फक्त वेळ आहे."

वैशाखातली भर दुपार ज्याने त्या जंगलात पाहिली नाही त्याला मी काय सांगू? साग पार उघडे. खाली वाळक्या पानांचा थर, आणि त्यातलं एकही पान हलत नाही. पाखरू नाही, माणूस नाही, सावलीसुद्धा नाही. ती झाडांच्या बुंध्यात शिरून बसलेली. रस्ता पांढरा पडलेला. गाडीचा आवाज सोडला तर जगात दुसरा आवाज नव्हता, आणि तो आवाजही कोणी ऐकू नये अशा बेताने चाललेला.

तेवढ्यात मागून कोणीतरी घसा खाकरला.

"घर्र… हं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी समोर. आमच्या बाबांना रोज जेवणाआधी घसा खाकरायची सवय होती. अशीच. आधी लांब, मग तुटक.

"आई, तू खोकलीस का?"

"मी? नाय बा."

"मग आवाज कसला आला?"

"मला नाय काय ऐकू आला," आई शांतपणे म्हणाली आणि शाल सारखी केली.

मग वास आला. आधी हलका, मग चांगला ओळखू येण्याइतका. विडीचा! आमच्या घरात एकवीस वर्षांत विडी नाही. ह्यांनी खिडकीची काच खाली केली. बाहेरून गरम वाफ आत आली आणि वास आणखी वाढला. हे हळूच म्हणाले, "जुन्या गाद्यांना वास राहतो म्हणतात."

"गाद्या नव्या आहेत. काम क्रमांक एकतीस."

"हो का?" असं म्हणून ह्यांनी काच पुन्हा वर केली.

चढ सुरू झाला. अर्ध्यावर गाडी शिंकली. दुसऱ्यांदा शिंकली. तिसऱ्यांदा एक आचका दिला आणि बंद पडली. मी हातब्रेक ओढला (काम क्रमांक सतरा, उत्तम झालेलं) आणि डावीकडे बघितलं. खिडकीच्या अगदी समोर, हात लांब केला तर लागेल अशा अंतरावर, शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड. कोरलेला वाघ, कोरलेले डोळे. तीन किलोमीटरच्या चढावर गाडीला थांबायला नेमकी हीच जागा मिळाली!

मी किल्ली फिरवली. घूं घूं घूं. पुन्हा फिरवली. घूं… घूं. मी डॅशबोर्डाच्या कप्प्यातून प्रवासाची यादी काढली. "गाडी बंद पडल्यास" या मथळ्याखाली दोनच ओळी होत्या: एक, घाबरू नये. दोन, यादी पाहावी. बाळू मेस्त्रीला फोन लावला तर रेंज नव्हती. तापलेलं लोखंड टक टक करत होतं. बाकी सगळं गप्प.

आणि हॉर्न वाजला.

पों. पों. पों.

तीन वेळा, मध्ये सारखं अंतर ठेवून. माझे दोन्ही हात यादीवर होते. ह्यांचे दोन्ही हात स्वतःच्या छातीवर होते. आवाज जंगलात लांबवर गेला आणि परत आला नाही.

"वायर," मी म्हणाले. "वायर तापून चिकटली असणार. वायरिंग मी स्वतः केलंय, कुठेतरी चूक राहिली."

"हो, वायरच," हे म्हणाले. "वायरला मोजता येत असेल तीनपर्यंत."

मागचं दार उघडलं. आई ती कापडी पिशवी कवटाळून उतरली. "उतरा दोघं. वाघोबाकडं तोंड. डोळं मिटा. मागं बघायचं नाय."

"आई, माझा असल्या गोष्टींवर…"

"जावयबापू, तुमी बसा. ती येईल."

हे केव्हाच बसले होते. मीही बसले. फक्त सावली होती म्हणून, हे नोंदवून ठेवते. (सावली नव्हती.) आईने कमरेच्या बटव्यातून विडी काढली, काडी ओढली, विडी पेटवून दगडावर ठेवली. म्हणजे वास त्या बटव्यातल्या विड्यांचा होता! मला इतकं हायसं वाटलं की मी हसणार होते. तेवढ्यात मागे पानं वाजली.

चर्र. चर्र. अनवाणी पावलं. सावकाश, थांबत थांबत. गाडीपाशी येऊन थांबली.

"आई," मी कुजबुजले, "कोणीतरी आलंय."

"येऊ दे. वळू नको."

बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग पाणी. टप, टप, आणि मग चस्स! अगदी तेच सगळे आवाज, त्याच क्रमाने, जे मी सातव्या वर्षी डोळे मिटून ऐकले होते. अंगावर काटा म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. बेचाळीस अंशांच्या उन्हात मला थंडी वाजत होती. ह्यांनी माझा हात धरला. लग्नाच्या दिवशीही त्यांनी तो इतका घट्ट धरला नव्हता. सगळं पुन्हा शांत झालं. किती वेळ गेला कोण जाणे. मी रामरक्षा सुरू केली आणि ती मला अर्धीच येते असं लक्षात आलं. तेवढ्यात "घर्र… हं!" माझ्या अगदी मांडीजवळ! आणि पाठोपाठ मागून आवाज:

"झालं. बसा आता."

मी किंचाळले. नुसती किंचाळले नाही, समोरच्या वाघोबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गाल त्याच्या गालाला लावून "बाबा, चुकले, त्रेचाळिसावा मुद्दा परत घालते!" असं ओरडले. शाळेतल्या कोणी हे वाचलं तर मी नाकारीन.

"अगो बया!" मागून दुसरी किंकाळी आली. "ह्यो कोन वरडतोय?"

तो बाबांचा आवाज नव्हता. मी वळले. गाडीपाशी एक काटक म्हातारी उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, एका हातात कळशी, दुसऱ्या हातात ओलं फडकं. आणि ती आमच्यापेक्षा जास्त थरथरत होती.

"ठमे," आई म्हणाली, "ये, बस."

ठमाबाय तिथल्या पाड्यावरची. तिने आम्हाला एकेकाला नीट निरखून बघितलं, हाताला हात लावून बघितला आणि मगच बोलली. "मला वाटलं तुमीच भुतं! इतकी वर्सं झाली. दादा गेला ह्ये मला ठावं हाय. मंग तीन येळा पोंगा वाजवतो कोन? म्हटलं, दादाच आला. पानी मागतोय. नाय कसं म्हनू? आले तर तुमी तिघं पाठमोरी बसलेली, काय बोलत नाय, हलत नाय. दादा बोलायचा तेच बोलले नि पळायच्या बेतात व्हते!"

"पाणी कशाला?" मी विचारलं.

"मला काय ठावं! दादा फडका भिजवून त्या नळीवर टाकायचा. त्याने हात भाजायचा म्हनून मंग मला शिकवलेलं."

मी नळीकडे बघितलं. आणि दोन वर्षं इंजिन शिकलेल्या मला ते उन्हाइतकं लख्ख दिसलं. चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेवर गाडी चालत नाही. ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, निवलं की गाडी चालू. पहिल्या फेरीला बाबांना हे माहीत नव्हतं म्हणून बैल आले. दुसऱ्या फेरीपासून त्यांनी वाघोबा आणला, म्हणजे आपली गाडी अजूनही त्याच चढावर दमते हे आईला आणि आम्हाला दिसू नये! मी खोडली होती ती अंधश्रद्धा नव्हती, देखभाल होती. आणि "शिवाय दहा मिनिटं वाया" असं लिहून मी त्यातली नेमकी औषधाची दहा मिनिटं कापली होती.

"आई, तुला हे माहीत होतं?"

"एकदा मी बगितलेलं वळून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

आई दगडावरच्या विडीकडे बघत होती. "त्या मानसाला ते बैल लय लागलेले गो. म्हटलं ऱ्हाऊ दे वाघोबाचं नाव."

"आणि घसा कोण खाकरत होतं?" हे विचारत होते. शाल हलली, आणि बारीक सुताच्या साड्यांमधून एक तुरेवाला कोंबडा मान काढून माझ्याकडे रागाने बघायला लागला. घर्र… हं!

"नवस हाय," आई म्हणाली. "गाडी पोचली तर वाघोबाला कोंबडा."

म्हणजे अट घालणारी आई, आणि ती अट पुरी व्हावी म्हणून नवस करणारीही आईच! मी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. ठमाबायने कळशी कमरेला लावली आणि कोंबड्याला जाताना म्हणाली, "परतीला ये रे."

वैशाखऱ्याच्या वेशीवर मामा उभा होता. त्याच्या मागे बैलजोडी, जू लावलेली, आणि मानेवर जाड नवी दोरी.

"आई!"

"काल फोन केलेला त्याला," आई म्हणाली. "आपलं असलेलं बरं. यादीत नव्हतं तुझ्या."

मी एक शब्द न बोलता बैलांना वळसा घालून गाडी पुढे काढली. गावातून, शाळेवरून, देवळावरून, थेट मामाच्या दारात. आपल्या चाकांनी! आई उतरली ती मान ताठ करून, आणि मामाला म्हणाली, "बैल सोड चरायला. बिचारे उगाच उभे." माझी मोठी मामी, आता नव्वदीला टेकलेली, काठी टेकत आली, गाडीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी चांगली झाली हाय. पन तुला काय झालं?" तेव्हा मी आरशात पाहिलं. कपाळ, नाक, डावा गाल आणि नव्या साडीचा पदर, सगळा शेंदूर. वाघोबाला मिठी मारल्याचा पुरावा. अर्ध्या गावाने मला हसून हात जोडले.

संध्याकाळी रेंज आली आणि बाळू मेस्त्रीचे सात मिस्ड कॉल दिसले. मी फोन लावला. "बाळू, गाडी पोचली! फक्त एकच. हॉर्नच्या वायरिंगमध्ये माझी चूक झालीय, तो आपोआप वाजतो."

पलीकडे बाळूने हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई, त्यासाठीच सकाळपासून फोन करतोय. तुमचा हॉर्न माझ्याकडंच हाय. साफ करायला आणलेला, काल रात्री येऊन बसवतो बोललो नि राह्यला. टेबलावर समोर पडलाय. तुमी यादीत खूण केलीत काय?"

केली होती. तो येणारच आहे म्हणून आदल्या दिवशीच. सत्तावन्न भरलेल्या वह्यांच्या आयुष्यात मी न झालेल्या कामापुढे केलेली ती एकमेव खूण. मी ह्यांना घेऊन अंगणात गेले, बॉनेट उघडलं. हॉर्नच्या जागी दोन मोकळ्या वायरी लोंबत होत्या, टोकांना बाळूने चिकटपट्टी गुंडाळलेली. ह्यांनी बॉनेट अगदी हळू, आवाज न करता लावलं. ओट्यावरून आई म्हणाली, "काय झालं गो?"

"काही नाही."

मी पर्समधून यादी काढली, निघताना फ्रिजवरून सोबत घेतलेली. काम क्रमांक एकोणतीस: हॉर्न. पुढे लाल खूण. खोडायला पेन टेकवलं आणि थांबले. नियम माझाच आहे: काम झालं की खूण. आणि काम तर झालं होतं, चांगलं तीनदा, तिघांनी आणि ठमाबायने ऐकलं होतं. म्हणून खूण तशीच ठेवली. फक्त यादीला उजवीकडे एक नवा रकाना आखला, "काम कोणी केलं", आणि तो आजतागायत एका ओळीपुढे कोरा आहे, कारण ते नाव आपल्या हाताने लिहायला मला भीती वाटते.